मागच्या दाराची राखण

पाळी गावातील एखाद्या जुन्या घराचे पुढील दार थांबून पाहण्यासारखे असते. सागाच्या अथवा फणसाच्या दोन जाड झडपा, वीतभर रुंदीची चौकट, पितळी कडी, आणि आतल्या बाजूस भिंतीतील चौकोनी खोबणीतून ओढून घ्यावयाचा लांबलचक अडणा. हा अडणा दारामागे सरकला की बाहेरून दोघाचौघांनी खांदे लावले तरी दार हलत नसे. डिचोलीचा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आला आणि १८५२ सालच्या दिपाजी राणे यांच्या बंडापासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ डिचोली-सत्तरीच्या प्रदेशाने बंडाळ्या आणि लष्करी स्वाऱ्या पाहिल्या. त्या दिवसांत ज्यांनी घरे बांधली त्यांना दाराचे मोल चांगले ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र त्याच घराला वळसा घालून मागे जावे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक दार असते. ते बहुधा मागाहून केलेले असते. फळ्या पातळ, खालचा भाग पाण्याने कुजलेला, त्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलेला, आणि बाजारातून आणलेला कडी-कोयंडा एक इंची स्क्रूंनी बसविलेला. शेजारी गोठा, गोठ्यात पहार, कुदळ आणि कोयता. भिंतीला टेकून ठेवलेली माडावर चढण्याची शिडी. पुढे किल्ला आणि मागे कुंपणसुद्धा नाही, अशी आपल्या बहुतेक घरांची स्थिती आहे. चोर पाहुणा नसल्यामुळे तो पुढच्या दाराने येत नाही, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

काही वर्षांपूर्वी पाळीतील माझ्या मावशीच्या घरी असेच झाले. शेजारच्या गावी जत्रेचे नाटक होते. मावशी, मावसभाऊ, सून आणि मुले अशी सारी मंडळी रात्री नऊच्या सुमारास बाहेर पडली. पुढच्या दाराला सात लिव्हरचे जाड कुलूप, मागच्या दारालाही तसेच दुसरे. पहाटे परतून पाहतात तो मागचे दार सताड उघडे. पाटल्या, सुनेचे मंगळसूत्र, देवघरातील चांदीची समई आणि कपाटातील रोख रक्कम गेली होती. दाराशी त्यांचीच पहार पडलेली होती. मी सकाळी पोहोचलो तेव्हा मावशी हातात मागच्या दाराचे कुलूप घेऊन बसली होती. कोयंड्यासकट ते उपटून निघाले होते. “कुलूप तर लागलेलेच आहे रे!” असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला पुनःपुन्हा दाखवीत होती. ते खरेच लागलेले होते. त्याची किल्ली तिच्या कमरेला होती.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळत राहिला. खात्याच्या कामानिमित्त डिचोली आणि पेडणे तालुक्यांत फिरताना मी घरांची मागची दारे पाहू लागलो. सुतार, लोहार आणि वेल्डिंगवाले यांना प्रश्न विचारू लागलो. त्यातून जे समजले ते असे की, गृहरक्षणासाठी खर्चाच्या मोठ्या गोष्टी करण्यापूर्वी, ज्यांना एक सुट्टीचा दिवस आणि थोडे सामान पुरेल अशा पुष्कळ गोष्टी आपल्या हातच्या आहेत.

कुलूप आणि कोयंडा

कुलपाविषयी आपल्या मनात एक भाबडी श्रद्धा असते. कुलूप जितके मोठे तितके घर सुरक्षित, असे आपण मानतो. लिव्हरच्या कुलपात पितळेच्या लहान लहान पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि किल्लीच्या दात्यांनी त्या प्रत्येकी ठरावीक उंचीपर्यंत उचलल्या गेल्या तरच खिट्टी सरकते. पट्ट्या जितक्या अधिक, तितके दुसरी किल्ली लागणे कठीण. मुंबईत १८९७ साली गोदरेज यांनी जो उद्योग सुरू केला तो कुलपांपासूनच, आणि चांगले लिव्हरचे कुलूप हे आपल्याकडे तेव्हापासून मध्यमवर्गीय घराचे भूषण होऊन बसले.

परंतु कुलूप किल्लीवाचून उघडणे हे किती वेळखाऊ काम आहे याचे एक मजेदार उदाहरण लंडनचे आहे. तेथील ब्रामा नावाच्या कुलूपकाराच्या दुकानात एक कुलूप मांडलेले असे आणि जो ते किल्लीवाचून उघडील त्यास दोनशे गिनी बक्षीस, अशी पाटी त्यावर होती. साठांहून अधिक वर्षे ते कुणालाही उघडले नाही. शेवटी १८५१ सालच्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. पण त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खर्चावे लागले. आपल्या वाड्यावर येणाऱ्या चोराजवळ एकावन्न तास नसतात. त्याला फार तर पाचदहा मिनिटे हवी असतात. म्हणून तो कुलपाला हातही लावीत नाही. कुलूप ज्याला लटकले आहे तो कोयंडा उपटतो.

हे उपटणे किती सोपे आहे ते शाळेत शिकविल्या जाणाऱ्या तरफेच्या नियमावरून समजेल. पहारीचे टोक कोयंड्याखाली घातले, टेकू दोन इंचांवर आला आणि हात चाळीस इंचांवर राहिला, तर बळ वीसपट होते. माणसाने वीस किलोचा जोर दिला की कोयंड्यावर चारशे किलोचा ओढा बसतो. एक इंची स्क्रूची निम्मीअधिक लांबी पट्टीच्या जाडीत आणि कुजक्या लाकडात गेलेली असते. तो या ओढ्यापुढे टिकत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी तरफेचा पाठ शिकविताना हे उदाहरण जरूर घ्यावे. मुले ते घरी जाऊन सांगतील आणि एखाद्या घराचे स्क्रू बदलले जातील.

जुने लोहार ही गोष्ट जाणून होते. ते कोयंड्याची दोन्ही टोके फळीतून आरपार नेऊन आतल्या बाजूस वाकवून ठोकीत. असा कोयंडा ओढावयाचा तर सबंध फळीच फोडावी लागे. आज आपणही तेच करावयाचे आहे, फक्त साधन निराळे. कडीच्या आणि कोयंड्याच्या पट्टीतील भोकांतून स्क्रूऐवजी बोल्ट आरपार घालावेत. बोल्टची गोल, गुळगुळीत टोपी बाहेर आणि नट आत, असे असावे. टोपी गोल असल्यामुळे बाहेरून पान्हा लागत नाही. आत नटाखाली रुंद वायसर किंवा दोन इंच रुंदीची लोखंडी पट्टी घालावी, म्हणजे ओढा एका भोकावर न पडता फळीच्या मोठ्या भागावर वाटला जातो. नट घट्ट आवळून बोल्टचे पुढे आलेले टोक हातोडीने थोडे चेपून टाकावे. हे सामान डिचोली, साखळी किंवा पेडणे येथील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मात्र लाकूडच कुजलेले असेल तर बोल्टचाही उपयोग नाही. अशा वेळी झडपेचा तेवढा भाग सुताराकडून कापून नवा जोडून घ्यावा. पत्रा ठोकून कूज झाकणे म्हणजे कुजक्या फणसावर पिवळा रंग देण्यासारखे आहे.

चौकटीचा विचार याहून महत्त्वाचा. आपली घरे जांभ्या चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कठीण होतो, तरी तो सच्छिद्र असतो. त्यात प्लॅस्टिकची गुल्ली ठोकून स्क्रू आवळला तर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. दोन पावसाळ्यांनंतर हाताने हलतो. म्हणून चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या चिऱ्याच्या सांध्यात खोल घालून सिमेंटच्या काँक्रीटने भराव्यात. चौकट हलते की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे : दार बंद करून कडी लावावी आणि बाहेरून खांद्याने दोनतीनदा रेटावे. चौकटीभोवतीच्या गिलाव्याला केसासारखी चीर दिसली तर ती चौकट सैल झाली आहे असे समजावे.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मागची दारे पुष्कळदा बाहेर उघडतात. त्यामुळे बिजागऱ्यांच्या खिळी बाहेर राहतात. ती खिळ काढली की कुलूप न उघडता दार दुसऱ्या बाजूने निघते. यावर सुतारांचा एक जुना उपाय आहे. बिजागरीच्या बाजूस झडपेच्या काठात एक जाड खिळा अर्धा इंच बाहेर राहील असा ठोकावा, त्याचे डोके करवतीने कापावे, आणि समोर चौकटीत तेवढेच भोक पाडावे. दार मिटले की तो खिळा चौकटीत शिरतो. मग खिळ काढूनही दार हलत नाही. या कामास अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागू नये.

राहिला अडणा. तो पुढच्या दाराला आहे म्हणून समाधान न मानता मागच्या दारालाही करून घ्यावा. भिंतीत खोबण नसली तरी चालते. सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे दोन आकडे वाकवून घ्यावेत, ते चौकटीच्या दोन्ही उभ्यांना आरपार बोल्टनी बसवावेत, आणि त्यांत अडीच इंच जाडीचा किंजळीचा किंवा फणसाचा जुना दांडा आडवा ठेवावा. दार आत उघडत असेल तरच हा अडणा धक्का थोपवितो. बाहेर उघडणाऱ्या दाराला मात्र झडपेवर आतून एक आकडा बसवून दांडा त्यातून न्यावा, म्हणजे झडप दांड्याला आणि दांडा चौकटीला अडकून राहतो.

ज्याच्या घरी तीन दारे आहेत त्याने बाहेर जाताना तिन्हींना बाहेरून कुलपे लावू नयेत. बाहेर लटकणारे कुलूप ही घरात कुणी नसल्याची पाटीच होय. पुढचे व मागचे दार आतून अडण्याने बंद करावे, आणि जे बाजूचे दार शेजाऱ्याच्या अंगणातून दिसते त्यानेच बाहेर पडून त्याला उत्तम कुलूप व उत्तम कोयंडा लावावा. तीन मध्यम कुलपांच्या पैशांत एक चांगले कुलूप येते. किल्ली तुळशी वृंदावनाच्या देवळीत, कुंडीखाली वा नारळांच्या राशीत ठेवण्याची चाल मात्र सोडली पाहिजे. या तीन जागा आपल्या खेरीज साऱ्या गावाला माहीत असतात.

पावसाळ्यात कुलपे गंजतात, मग आपण त्यांत खोबरेल घालतो. खोबरेल काही दिवसांनी घट्ट होते, त्यात धूळ बसते आणि ऐन वेळी किल्ली मोडते. त्याऐवजी पेन्सिलीचे शिसे चाकूने खरवडून ती काळी भुकटी किल्लीच्या भोकात फुंकावी. कुलूप लोण्यासारखे फिरते.

कौले, खिडक्या आणि पाऊस

बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चापट कौले हळूहळू साऱ्या किनारपट्टीवर पसरली. ही कौले हलकी, पाण्याला चांगली, आणि कुणालाही सहज उचलता येतील अशी. हाच गुण घराचा दोष होतो. मधली दोनचार कौले सरकवून दोन रिपांमधून एखादा सडपातळ माणूस आत उतरू शकतो, आणि पागोळ्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकूही जात नाही. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे कौलांवर पावसाचा जो आवाज चालतो त्यात पहारीचा ठोका बुडून जातो.

कौलांच्या छपराखाली लाकडी माळा असेल तर चिंता कमी. नसेल तर निदान निजण्याच्या आणि कपाटाच्या खोलीवर वाशांच्या खालून वेल्ड केलेली लोखंडी जाळी बसवून घ्यावी. तेवढी ऐपत नसल्यास रिपा वाशांवर खिळ्यांऐवजी स्क्रूंनी बसवाव्यात आणि कपाटाच्या खोलीवर दोन रिपांच्या मध्ये आणखी एक रीप घालावी, म्हणजे अंग जाण्याइतकी फट राहत नाही. घरावर आलेल्या फणसाच्या किंवा आंब्याच्या फांद्या मृगापूर्वी छाटाव्यात. असेही त्या पडझडीच्या दृष्टीने छाटाव्याच लागतात. शिडी उघड्यावर टेकून ठेवू नये. ती आडवी करून साखळीने खांबाला बांधावी. पहार, कुदळ, कोयता, कुऱ्हाड ही हत्यारे रात्री कुलपात असावीत. मावशीच्या घरी चोराने स्वतःचे एकही हत्यार आणले नव्हते.

खिडकीच्या जाळीबाबत दोन सूचना पुरेत. जाळी बाहेरून स्क्रूंनी बसविली असेल तर स्क्रूच्या डोक्यावरील खाच कानशीने मोडून टाकावी, नाहीतर साधा पेचकसही पुरतो. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. प्रत्येक खिडकीला पक्की जाळी आणि प्रत्येक दाराला अडणा असे झाले की आग लागल्यास आतली माणसे अडकतात. निजण्याच्या खोलीतील एका खिडकीची जाळी बिजागरीवर उघडणारी करून आतून कुलूप लावावे आणि त्याची किल्ली खोलीतच, खिडकीतून हात घालून पोहोचणार नाही पण घरच्या लहानमोठ्यांस अंधारात सापडेल, अशा खिळ्यावर टांगावी.

काही ठिकाणी रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडतात तशी घराच्या जाळीत किंवा दारात सोडण्याचा विचार कुणी बोलून दाखवितो. हे काम कदापि करू नये. त्यात पहिला बळी बहुधा घरचे मूल, शेजारचे गुरू किंवा वीजखात्याचा कर्मचारी जातो, आणि घरधनी मनुष्यवधाच्या आरोपाखाली येतो.

उजेड, आवाज आणि शेजार

मागच्या पडवीत नऊ वॅटचा एक एलईडी दिवा रात्रीचे बारा तास जळत ठेवला तर महिन्याला सव्वातीन युनिटांहून कमी वीज लागते. एवढ्या खर्चात चोराला सर्वांत नकोसा असलेला उजेड मिळतो. माणसाची चाहूल लागताच पेटणारे दिवेही आता मिळतात. ते मागच्या बाजूस अधिक उपयोगी, कारण अचानक पेटलेला दिवा शेजाऱ्याचेही लक्ष वेधतो. दिवा हाताने पोहोचणार नाही इतका उंच असावा. मागच्या दारासमोर दोनतीन हात रुंदीचा खडीचा पट्टा पसरला तर पावलांचा आवाज येतो. रात्री निजताना मागच्या दाराच्या आत पितळी भांड्यांची उतरंड रचून ठेवण्याची आजीची रीत हसण्यावारी नेऊ नये; दार ढकलले की घरच काय, वाडासुद्धा जागा होतो. हेच काम करणारी, चुंबकावर चालणारी लहान घंटी आता काही शे रुपयांत मिळते.

कॅमेऱ्याविषयी पुष्कळांनी विचारले. कॅमेरा चोराला पाहतो, अडवीत नाही. तो बसवावयाचा तर मागच्या दारावर आणि वाटेवर बसवावा, त्यातील तारीख-वेळ बरोबर लावावी, आणि चित्रे साठविणारी पेटी कपाटात दडवावी. ती टीव्हीशेजारी ठेवली तर चोर तीही घेऊन जातो. आणि आधी कोयंडा बदलावा, मग कॅमेरा घ्यावा.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे घरात माणूस असणे, आणि तीच आपल्या गावांतून कमी होत चालली आहे. पूर्वी आपली घरे दिवसभर उघडी असत, कारण सोप्यावर कोणी ना कोणी म्हातारे माणूस सुपारी कातरीत बसलेले असे. एकत्र कुटुंबे विभागली. पाळीच्या परिसरात खाणींवर पुष्कळ घरे अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार १६ मार्च २०१८ पासून उत्खनन थांबले तेव्हा अनेकांना काम शोधीत दूर जावे लागले. आज कित्येक मूळ घरे वर्षाचे अकरा महिने बंद असतात आणि चतुर्थीला उघडतात. गंमत अशी की चतुर्थीला गावचे घर उघडते तेव्हा पणजी, म्हापसा आणि वास्को येथील बिऱ्हाडे बंद होतात, आणि चोराला पंचांग आपल्याइतकेच कळते. शिरगावची जत्रा, पेडण्याची पुनव, शिगमो, गावोगावच्या काल्यांची व नाटकांची रात्र : ज्या रात्री सारा गाव एका मांडवात जमतो त्या रात्री बाकीचा गाव ओस असतो. गावच्या राखणदाराला रोट अवश्य द्यावा. पण वाड्यातील दोघा तरुणांनी पाळीपाळीने नाटकातून उठून एक फेरी मारावी, म्हणजे राखणदारालाही थोडा विसावा मिळेल.

बंद घर बंद दिसते ते काही खुणांमुळे. अंगणात पाने साचतात, वृंदावनापुढे दिवा लागत नाही, दोरीवर कपडा वाळत नाही, वर्तमानपत्रे दाराशी पडून राहतात. चार दिवस बाहेर जावयाचे असेल तर शेजारच्या घरी सांगून जावे, आणि तेथील मुलीने संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावावा, सकाळी अंगण झाडावे. या उपायाला पैसा लागत नाही. फक्त शेजाऱ्याशी बोलणे असावे लागते. बांधाच्या हातभर जमिनीवरून दोन घरांनी वर्षानुवर्षे अबोला धरलेला असला की दोन्ही घरांची मागची बाजू राखणीविना राहते. प्रवासाला निघताना विमानतळावरून स्वतःची छायाचित्रे फोनवरून साऱ्या जगाला पाठविण्याची हौस परतल्यावर भागवावी.

घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे हे आता केवळ शहाणपणाचे राहिलेले नाही. गोवा विधानसभेने २०२४ साली भाडेकरू पडताळणीचा कायदा संमत केला आहे. मात्र याचा अर्थ परप्रांतीय मजूर किंवा फेरीवाला दिसला की त्याला चोर ठरवावे असा नाही. घरातील ठेव कोठे आहे हे चोरापर्यंत पोहोचते ते पुष्कळदा आपल्याच बोलण्यातून. संशयावरून जमावाने कुणाला मारहाण करणे हा तर गंभीर गुन्हा आहे. संशय आलाच तर वाहनाचा क्रमांक टिपावा आणि ११२ या क्रमांकावर कळवावे.

दोनापावला येथे एप्रिल २०२५ मध्ये आणि म्हापशाच्या गणेशपुरी भागात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रहिवासी घरात असताना जे दरोडे पडले, त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली : घरात माणसे आहेत म्हणून दार सैल ठेवून चालत नाही. निजण्याच्या खोलीच्या दाराला आतून मजबूत खिट्टी असावी; उशाशी विजेरी आणि भारित केलेला फोन असावा. चाहूल लागली तर सर्वांनी त्या खोलीत एकत्र यावे, खिट्टी लावावी, ११२ फिरवावा आणि मोठ्याने शेजाऱ्यांना हाक द्यावी. शस्त्रधारी माणसासमोर शौर्य दाखविण्याचा प्रसंग ओढवून घेऊ नये. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण पाटल्यांपेक्षा मनगट मोलाचे.

चोरी झाल्यावर

येथे पुन्हा मावशीच्या घराकडे वळतो, कारण त्या सकाळी जी चूक झाली ती जवळजवळ प्रत्येक घरी होते. परके पाय देवघरापर्यंत आले, याचा मावशीला सोन्याच्या नुकसानीपेक्षा अधिक त्रास झाला. पोलीस येण्यापूर्वीच तिने आणि सुनेने सारी जमीन पाण्याने धुऊन काढली, कपाटे पुसली, विखुरलेले कपडे घड्या करून ठेवले, देवाला ताजी फुले वाहिली. पहार मावसभावाने उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. त्यांच्या मनाची अवस्था मी समजू शकतो; पण बोटांचे ठसे आणि पावलांच्या खुणा त्या पाण्याबरोबर गेल्या. घर शुद्ध करावयाचे ते पंचनामा झाल्यावर करावे. तोपर्यंत सर्वांनी अंगणात बसावे, कुणी आत जाऊ नये, आणि चहासुद्धा शेजारच्या घरी करावा.

तक्रारीबाबत कायद्यातील बदल ग्रामस्थांनी लक्षात घ्यावेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. राहत्या घरातील चोरीसाठी न्याय संहितेच्या कलम ३०५ अन्वये सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावयाची असते. आणि नोंदलेल्या माहितीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती प्रत मागून घ्यावी.

या प्रतीत वस्तूंचे वर्णन काय लिहिले जाते यावर त्या परत मिळणे बरेचसे अवलंबून असते. “सोन्याच्या पाटल्या, दोन” एवढ्या वर्णनाच्या पाटल्या घरोघरी असतात. मावशीला आपल्या पाटल्यांचे वजन सांगता आले नाही आणि पावती चाळीस वर्षांपूर्वीची, केव्हाच हरवलेली. म्हणून दागिने घरात असतानाच एक वही करावी. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र, वजन, सोनाराची पावती आणि एखादी ओळखीची खूण तीत नोंदवावी. अलीकडच्या हॉलमार्क असलेल्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो; तो भिंगाने वाचून लिहून ठेवावा. फोन, दूरदर्शन संच, दुचाकी यांचे क्रमांकही त्यातच असावेत. पोर्तुगीज काळातील जमिनीचे जुने दस्तऐवज अनेक घरांत लोखंडी पेटीत असतात. चोराला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण पेटी जड म्हणून तो ती उचलतो. त्यांच्या प्रती काढून नातेवाइकाकडे ठेवाव्यात.

जे रोज वापरात नाही ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे उत्तम. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ सालच्या सूचनांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतके ठरविण्यात आले आहे. अर्थात लाखोंचा ऐवज त्यातून पूर्ण भरून येईलच असे नाही, तेव्हा लॉकरमध्ये काय ठेवले याचीही नोंद त्या वहीत करावी.

शाळांतून आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घराची पाहणी करावयास सांगावे : दारे किती, कोणते दार बाहेर उघडते, स्क्रू किती लांबीचे, शिडी कोठे. ही वही शाळेत आणावयास मात्र सांगू नये. ती घरात वडीलधाऱ्यांना दाखवून तेथेच ठेवावी.

मावशीचे दागिने अद्याप मिळालेले नाहीत. मागच्या दाराला मात्र आता आरपार बोल्ट आहेत, बिजागरीच्या बाजूस डोके कापलेले दोन खिळे आहेत, आणि जुन्या तुळईतून काढलेला अडणा आहे. तो अडणा मीच हौसेने तीन इंच जाडीचा करून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात मावशीने तक्रार केली की, पंचाहत्तराव्या वर्षी रोज दोनदा हे ओझे उचलणे तिला जमत नाही, म्हणून ती तो भिंतीला टेकून ठेवते आणि नुसती कडी लावून निजते. गेल्या मे महिन्यात सुताराकडून तो दोन इंचांपर्यंत तासून घेतला आणि धरावयास मधोमध एक लाकडी मूठ बसवून घेतली. आता ती तो रोज लावते. मावसभावाला फोनवर तसे सांगतेही.